प्रकल्प व्यवस्थापन

प्रकल्प व्यवस्थापन : ठराविक उद्दिष्ट, ठराविक मुदत आणि ठराविक खर्च यांच्या मर्यादेत एकदाच करावयाच्या कार्याचे नियोजन, संघटन, संचालन व नियंत्रण करण्याची पद्धती. कारखान्यात रोज होणारे उत्पादन किंवा कचेरीतील नित्याचे कामकाज हे प्रकल्प नव्हेत. कारण ते अखंड चालू राहते. याउलट धरण बांधणे, नवी रेल्वे घालणे, दुर्बीण उभारणे किंवा एखादे नवे यंत्र विकसित करणे यांस आरंभ असतो, शेवट असतो आणि तेच कार्य तशाच परिस्थितीत पुन्हा सहसा होत नाही. या एकमेवपणामुळे प्रकल्पात अनिश्चितता अटळ असते व नेहमीच्या प्रशासनाची साधने त्यास अपुरी पडतात. प्रस्तुत नोंदीत या विषयाची मूलतत्त्वे व त्याच्या तंत्रांचा विकास थोडक्यात सांगून पुणे व त्याच्या परिसरातील काही प्रकल्पांच्या इतिहासाच्या आधारे त्यांचे विवेचन केले आहे.

मूलतत्त्वे : प्रकल्पाची पहिली पायरी म्हणजे उद्दिष्ट व व्याप्ती यांची निश्चिती. काय करावयाचे आहे याइतकेच काय करावयाचे नाही, हेही आरंभीच ठरवावे लागते. त्यानंतर संपूर्ण कार्याची लहान लहान कामांत विभागणी करण्यात येते आणि प्रत्येक कामास लागणारा काळ, माणसे, साहित्य व पैसा यांचा अंदाज बांधण्यात येतो. तिसरी पायरी क्रमनिश्चितीची होय. काही कामे एकाच वेळी चालू शकतात. काही मात्र आधीचे काम पुरे झाल्याशिवाय सुरू करता येत नाहीत. पाया झाल्याखेरीज भिंत उभी राहत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु शेकडो कामांच्या गुंत्यात कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे नजरेआड होणे सोपे असते.

काळ, खर्च व गुणवत्ता या तिन्ही गोष्टी परस्परांशी बांधलेल्या असतात. मुदत कमी केली, तर खर्च वाढवावा लागतो, व्याप्ती कमी करावी लागते किंवा गुणवत्तेत तडजोड होते. व्यवस्थापकाचे कौशल्य यांपैकी कोणता बदल स्वीकारला जात आहे, हे स्पष्टपणे जाणून तो नोंदवून ठेवण्यात असते. यांशिवाय संभाव्य धोक्यांचा आधीच विचार करणे, अधिकार व जबाबदारी यांची निःसंदिग्ध वाटणी करणे, प्रगतीचे खरे वृत्त वरपर्यंत पोहोचविणे आणि काम पुरे झाल्यावर त्याची तपासणी करून ते रीतसर हस्तांतरित करणे, ही या विषयाची अन्य महत्त्वाची अंगे मानली जातात.

तंत्रांचा विकास : मोठी बांधकामे प्राचीन काळापासून होत आली असली, तरी त्यांच्या नियोजनाचे स्वतंत्र शास्त्र विसाव्या शतकात आकारास आले. अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) याने कामे व काळ यांचा मेळ आडव्या पट्ट्यांच्या तक्त्याने दाखविण्याची पद्धत रूढ केली. या तक्त्यावरून कोणते काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार ते एका दृष्टिक्षेपात कळते. मात्र एका कामाच्या विलंबाचा दुसऱ्यावर काय परिणाम होईल, हे त्यातून पुरेसे दिसत नाही. ही उणीव १९५७-५८ च्या सुमारास विकसित झालेल्या दोन जालतंत्रांनी भरून काढली. ड्यू पाँट या रासायनिक उद्योगसंस्थेत क्रांतिक पथ पद्धती तयार झाली, तर अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ हे तंत्र योजण्यात आले. या तंत्रांत सर्व कामे बाणांच्या जाळ्याने जोडली जातात व त्यांतील सर्वांत अधिक काळ घेणारी साखळी शोधण्यात येते. या साखळीतील कामांना सवड नसते. त्यांपैकी एक जरी लांबले, तरी सारा प्रकल्प लांबतो. पुढे संगणकाच्या प्रसारामुळे ही तंत्रे सर्वत्र रूढ झाली.

पुण्यातील पूर्वपीठिका : पुणे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात प्रकल्पांची एक दीर्घ परंपरा आढळते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी सु. १० किमी. अंतरावरील शहरात आणण्यात आले. जमिनीखालून बांधलेल्या नळातून हे पाणी केवळ उताराने वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधून हवा बाहेर पडण्याची व गाळ काढण्याची सोय केलेली होती. शहरातील वाडे व सार्वजनिक हौद यांना या नळाचे पाणी मिळे. उताराचा अंदाज कोठेही चुकला असता, तर पाणी पुढे सरकले नसते. म्हणजेच संपूर्ण मार्गाचा विचार काम हाती घेण्यापूर्वी झालेला असला पाहिजे. तसेच पुढील काळात नळाची साफसफाई कशी व्हावी, याचीही तरतूद मूळ रचनेतच केलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकात वाढते शहर, लष्करी छावणी आणि पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण प्रदेश यांच्यासाठी मुठा नदीवर खडकवासला येथे दगडी धरण बांधण्यात आले. कर्नल फाइफ या अभियंत्याने त्याची आखणी केली व जलाशयासही काही काळ त्याचेच नाव होते. १८६० नंतरच्या दशकात पाहणी होऊन हे काम १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. पुढे साठा वाढविण्याची गरज भासली, तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१८६१–१९६२) यांनी सांडव्यावर बसवावयाचे स्वयंचलित दरवाजे अभिकल्पित केले. हे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला येथे बसविण्यात आले. नेहमीच्या वेळी ते अधिक पाणी अडवून धरीत आणि पुराचे पाणी ठराविक पातळीवर येताच आपोआप उघडून जलाशयावरील भार कमी करीत. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविणे व त्याच वेळी सुरक्षितताही सांभाळणे, असा दुहेरी हेतू येथे साध्य झाला.

पानशेत प्रकल्प : स्वातंत्र्योत्तर काळात पुण्याची वस्ती वेगाने वाढू लागली. खडकवासल्याचा साठा पिण्याच्या पाण्यास व शेतीस अपुरा पडू लागल्याने त्याच्या वरच्या अंगास, मुठेस मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेत येथे मातीचे धरण बांधण्याचे काम १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेण्यात आले. धरणाची उंची सु. ५१ मी. व जलाशयाची क्षमता सु. २१.४ कोटी घ. मी. होती.

या प्रकल्पाचे स्वरूप समजण्यासाठी सह्याद्रीच्या पायथ्याच्या बांधकामाची एक अट ध्यानात घ्यावी लागते. येथे जून महिन्यात पाऊस सुरू झाला, की नदीच्या पात्रातील काम थांबते. ते पुन्हा सुरू होण्यास पावसाळा सरावा लागतो. म्हणून अशा प्रकल्पाचे खरे वर्ष बारा महिन्यांचे नसून जेमतेम सात-आठ महिन्यांचे असते. पावसाळा ही कोणाच्याही आदेशाने पुढे न ढकलता येणारी मुदत होय. एक हंगाम हुकला, तर नुसते काही आठवडे जात नाहीत, पाणी अडविण्याचे सबंध एक वर्ष हातचे जाते. त्यामुळे ‘याच वर्षी पाणी अडवू’ हा मोह प्रत्येक धरणाच्या शेवटच्या टप्प्यात बलवत्तर असतो. त्याचबरोबर दुसरा नियमही तितकाच कठोर आहे. मातीच्या धरणाने पाणी अडविले, की ते पाणी इच्छेनुसार बाहेर सोडता आले पाहिजे. कारण मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले, तर तो भराव टिकत नाही. म्हणून नदीचा प्रवाह अडविण्यापूर्वी विमोचक, म्हणजे धरणाच्या तळातील पाणी सोडण्याची मोरी, तिचे दरवाजे व ते वरखाली करण्याची यंत्रणा ही कामे पुरी होणे आवश्यक ठरते. क्रांतिक पथाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर भराव पुरा होण्याइतकेच विमोचक पुरा होणे हेही साखळीतील अपरिहार्य काम होय.

पानशेत येथे मूळ मुदतीच्या आधीच, १९६१ च्या पावसाळ्यात, पाणी अडविण्याचे ठरले. भरावाचे काम त्यानुसार वेगाने करण्यात आले. परंतु विमोचकाशी संबंधित कामे त्या गतीने पुरी झाली नाहीत. दरवाजांची व्यवस्था अपुरी असताना पावसाळा येऊन ठेपला. मोरीच्या बांधकामात पोलादी सळ्यांचे प्रबलन नसल्याचेही नंतर निदर्शनास आले. जूनच्या मध्यानंतर मुसळधार पाऊस होऊन जलाशयाची पातळी झपाट्याने चढू लागली. अपुऱ्या कामांमुळे विमोचकातील प्रवाह अस्थिर व हिसके देणारा झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मोरीच्या रेषेवर धरणाच्या माथ्यास भेगा पडल्या व तेथील भराव खचू लागला. सुमारे अडीच तासांत तो १.४ मी. खचला आणि माथा चढत्या पाण्याच्या केवळ अर्ध्या-पाऊण मीटरवर उरला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण वाचविण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नाने धरण वाचले नाही. तथापि ते भर रात्री न फुटता दिवस उजाडल्यावर फुटले. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात शिरला आणि त्याच दिवशी ऐंशीहून अधिक वर्षे उभे असलेले ते जुने दगडी धरणही भंगले.

मुठेच्या काठावरील पुण्याच्या जुन्या पेठा, तसेच डेक्कन जिमखाना व एरंडवणे या भागांतील नदीलगतच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीकाठच्या रहिवाशांना वेळेवर व पुरेशी सूचना मिळालेली नव्हती. मनुष्यहानी मोठी झाली, हजारो कुटुंबे बेघर झाली, वाडे कोसळले, दुकाने व दप्तरे वाहून गेली. खडकवासल्याचा पुरवठा तुटल्याने पुराने वेढलेल्या शहरालाच पिण्याच्या पाण्याची टंचाई भोगावी लागली व जुन्या विहिरी आणि कात्रजचे पाणी यांची आठवण नव्याने झाली. पूरग्रस्तांसाठी पुढे शहराच्या परिघावर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वस्त्यांचा इतिहास या पुनर्वसनाशी निगडित आहे. आजच्या पुण्याच्या विस्ताराची दिशा काही अंशी या एका दिवसाने ठरविली, असे म्हणता येईल.

दुर्घटनेच्या चौकशीसाठी शासनाने आयोग नेमला. त्याचे काम प्रथम न्या. बेडेकर यांच्याकडे व पुढे न्या. व्ही. ए. नाईक यांच्याकडे होते. तांत्रिक विश्लेषणानुसार सांडव्याची अपुरी क्षमता अथवा पायातील दोष हे या अपघाताचे कारण नव्हते; आणीबाणीत पाणी सोडण्याची पुरेशी सोय नसणे आणि विमोचकावरील भाग कोसळणे, हे त्याचे कारण होय. म्हणजे ज्ञानाची उणीव हे येथे मुख्य कारण नव्हते. मातीच्या धरणाचे शास्त्र तेव्हा पुरेसे परिचित होते. उणीव होती ती कामांच्या क्रमाच्या पालनात. [→ धरण, पुणे शहर].

पानशेतचे विवेचन : व्यवस्थापनाच्या दृष्टीने या घटनेतून चार गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मुदत अलीकडे आणण्याचा निर्णय हा केवळ वेळापत्रकातील बदल नसतो. तो सुरक्षिततेविषयीचा निर्णय असतो व त्याच पातळीवर त्याची तपासणी व्हावयास हवी. दुसरी, कामाची टक्केवारी फसवी असते. भराव जवळजवळ पुरा दिसत असताना धरण ‘जवळजवळ पूर्ण’ झाले, असे वाटते. परंतु राहिलेल्या थोड्या कामातच सर्व धोका साठलेला असू शकतो. तिसरी, माघारीचा मार्ग प्रत्येक टप्प्यावर खुला ठेवावा लागतो. पाणी अडविण्यास सुरुवात केल्यावर पर्जन्यमान अधिक झाले तर काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर पावसापूर्वीच तयार असले पाहिजे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. घाईचा लाभ प्रकल्प राबविणाऱ्या यंत्रणेच्या पदरी पडतो, तर अपयशाची झळ ज्यांचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नाही, अशांना लागते. नारायण पेठेतील भाडेकरूला विमोचकाच्या दरवाजांची माहिती असण्याचे कारण नव्हते. त्याच्या वतीने ती चौकशी करणारी व्यवस्था संघटनेतच असावयास हवी होती. म्हणूनच काम करणाऱ्यांहून स्वतंत्र अशा तपासणीची गरज आज सर्वत्र मान्य झाली आहे. दोन्ही धरणे पुढे पुन्हा बांधण्यात आली. देशातील धरणांची नियमित पाहणी व देखभाल यांसंबंधीचा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये संमत झाला.

वैज्ञानिक प्रकल्प : मुदतीचे बंधन नेहमीच घातक असते असे नाही, हे पुण्यातीलच दोन नंतरच्या प्रकल्पांवरून दिसते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेकडून अतिवेगवान संगणक मिळविण्यात अडचणी आल्यावर भारत सरकारने १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन केले. विजय भटकर यांच्याकडे त्याचे नेतृत्व सोपविण्यात आले. उद्दिष्ट मोजता येईल असे होते, मुदत तीन वर्षांची होती व खर्च सु. ३० कोटी रु. ठरला होता. सर्वांत वेगवान असा एकच प्रक्रियक स्वतः घडविण्याचा मार्ग या केंद्राने स्वीकारला नाही. उपलब्ध प्रक्रियक मोठ्या संख्येने जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेण्याचा समांतर संगणनाचा मार्ग पत्करला. ‘परम ८०००’ हा संगणक १९९१ मध्ये तयार झाला. येथे मुदत पक्की ठेवून तीत बसेल अशी तंत्रपद्धती निवडण्यात आली. व्याप्ती व मुदत यांचा मेळ आरंभीच घातला गेला आणि प्रकल्प फसता तरी त्याचे नुकसान पैसा व प्रतिष्ठा यांपुरते मर्यादित राहिले असते. [→ संगणक].

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे (जीएमआरटी) होय. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सु. २५ किमी. प्रदेशात पसरलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या भरीव तबकड्या वाऱ्याच्या दाबास तोंड देण्यासाठी अतिशय जड व महाग झाल्या असत्या. म्हणून पोलादी दोऱ्यांवर तारांची जाळी ताणून बसविण्याची रचना योजण्यात आली. दुर्बीण ज्या दीर्घ तरंगलांबीसाठी होती, तीस अशी जाळी पुरेशी होती. गरजेहून अधिक अचूकता न मागता खर्च आटोक्यात ठेवण्याचे हे उदाहरण आहे. तबकड्यांची उभारणी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुरी होत आली. तथापि दुर्बीण देशोदेशींच्या संशोधकांना खुली होण्यास २००२ साल उजाडले. मधला काळ ग्राहक यंत्रणा जुळविणे, चाचण्या घेणे व दोष काढणे यांत गेला. उभारणी संपणे व प्रकल्प संपणे यांतील हा फरक येथे पाळला गेला. [→ रेडिओ ज्योतिषशास्त्र].

अलीकडील काळ : पुणे मेट्रो रेल्वेची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ रोजी झाली आणि वनाझ ते गरवारे महाविद्यालय व पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हे तिचे पहिले दोन टप्पे ६ मार्च २०२२ रोजी वाहतुकीस खुले झाले. दिवाणी न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. दाट वस्तीच्या शहरात जमीन मिळविणे, रस्त्याखालील जलवाहिन्या व तारा हलविणे आणि वाहतूक चालू ठेवणे या कामांस प्रत्यक्ष बांधकामाइतकेच महत्त्व येते. अशा ठिकाणी प्रकल्पाचे स्वतंत्रपणे वापरता येतील असे भाग पाडून ते क्रमाने पुरे करण्याची रीत उपयुक्त ठरते. मात्र प्रत्येक भाग सुरू करण्यापूर्वी त्याची सुरक्षा-तपासणी स्वतंत्रपणे पूर्ण होणे, ही तिची पूर्वअट होय.

प्रकल्प व्यवस्थापनाचे शिक्षणही आता रूढ झाले आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा १८५४ पासूनची आहे. बांधकाम व्यवस्थापनाच्या खास शिक्षणासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे संकुल बालेवाडी येथे आहे. संगणकावर आधारित नियोजन, जोखमीचे गणिती मूल्यमापन व कामाच्या प्रगतीची दैनंदिन नोंद यांमुळे व्यवस्थापकाच्या हाती पूर्वी नव्हती अशी साधने आली आहेत. ही साधने क्रमातील दोष दाखवून देतात. तो दोष मान्य करून काम थांबविण्याचा निर्णय मात्र माणसांनाच घ्यावा लागतो. अशी सूचना करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचे म्हणणे वरपर्यंत पोहोचावे व त्याची लेखी दखल घेतली जावी, ही जबाबदारी संघटनेच्या प्रमुखाची असते. कात्रजच्या नळापासून मेट्रोपर्यंतच्या पुण्याच्या अनुभवाचा विचार करता, ज्या प्रकल्पांत मुदत कामाच्या स्वरूपावरून ठरली, ते टिकले. आणि जेथे काम मुदतीच्या मागे ओढले गेले, तेथे त्याची किंमत शहराने मोजली.